गाडीचे पुढचे ब्रेक पॅड : केव्हा बदलावे, कसे बदलावे





दर अंकात या पानावर आपण विज्ञानाचा एखादा धडा घरच्या वस्तूला जोडून पाहतो. या वेळी वस्तू आहे मोटारगाडीचा ब्रेक. आपल्या बारडोलीत पूर्वी मराठी कुटुंबांच्या दारात सायकल असे, फार तर स्कूटर. आज बऱ्याच घरांत गाडी आहे. सुट्टी लागली की कुणी नंदुरबार-धुळ्याकडे गावी जातो, कुणी सापुताऱ्यावरून वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जातो. म्हणजे आपल्या बहुतेक कुटुंबांच्या वाटेवर कुठे ना कुठे घाट आहेच. घाटात गाडी चढवण्याचे काम इंजिन करते, पण घरच्यांना सुखरूप खाली आणण्याचे काम ब्रेक करतात. आपण इंजिनाचे ऑइल वेळेवर बदलतो, गाडी धुतो, सीटला कव्हर घालतो. ब्रेकचे पॅड मात्र किती जणांनी कधी डोळ्यांनी पाहिले आहेत?

मीही पाहिले नव्हते. तिथूनच सुरुवात करतो.

माझी चूक

२०१९ साली दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही घरचे चौघे वणीला गेलो होतो. त्याआधी तीन-चार आठवडे ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक 'चीं' असा आवाज येत होता. धूळ बसली असेल, पावसाचा गंज असेल, असे म्हणून मी तो मनावर घेतला नाही. खरे सांगायचे तर आवाज आला की मी काच वर करत असे.

परतताना सापुताऱ्याहून शामगव्हाणकडे उतरताना तो 'चीं' आवाज बंद झाला आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी 'खर्र' सुरू झाली. स्टिअरिंग थरथरू लागले. जळका वास आला. ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतली, हळूहळू हँडब्रेक ओढला आणि रुंद जागा पाहून डोंगराच्या बाजूला थांबवली. कुणाला काही झाले नाही. पण मागे बसलेल्या माझ्या आईचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

तासाभराने गाडी थंड झाल्यावर मुंगीच्या पावलाने वघईपर्यंत आलो. तिथल्या वयस्कर कारागिराने चाक काढले आणि पॅड माझ्या हातात दिला. त्यावर मसाला उरलाच नव्हता, नुसती लोखंडी पट्टी होती. डिस्कवर नांगराच्या तासासारख्या चऱ्या पडल्या होत्या. त्याने एवढेच विचारले, "साहेब, केटला दिवसथी अवाज आवतो हतो?" मुलांना वर्षभर 'प्रश्न विचारा, निरीक्षण करा' असे सांगणाऱ्या माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. नुसत्या पॅडवर भागले असते, तिथे दोन्ही डिस्कही बदलाव्या लागल्या.

त्यानंतर मी हे काम समजून घेतले, एका जाणकार कारागिराच्या शेजारी बसून शिकलो आणि आता स्वतः करतो. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

ब्रेक काम कसा करतो?

पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक पॅड असतो. या दोन पॅडना धरून ठेवणारा चिमट्यासारखा भाग म्हणजे कॅलिपर. आपण पेडल दाबले की कॅलिपरमधला पिस्टन पुढे येतो आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमटतात. घर्षण होते आणि चाक थांबते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण त्याचा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीने फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो तो पास्कलच्या नियमाने. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे आपण वर्गात शिकतो. समजा, पेडलच्या बाजूच्या छोट्या पिस्टनचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आहे आणि त्यावर ६० किलो भाराइतका जोर पडला. दर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब झाला. कॅलिपरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर असेल, तर तिथे ४०० किलो भाराइतका जोर मिळतो. म्हणून आईच्या पायानेही टनाची गाडी थांबते.

आता ऊर्जेचा हिशोब पाहू. गाडीचे वस्तुमान १००० किलो धरा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. गतिज ऊर्जा अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ५०,००० ज्यूल. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ केला, तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते : २,००,००० ज्यूल. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनते. एवढ्या उष्णतेने सुमारे ६०० ग्रॅम पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत येईल. म्हणजे एकदा गाडी थांबवली की घरच्या सगळ्यांच्या चहाचे आधण!

घाटात तर ब्रेकला विश्रांतीच नसते. समजा, हीच गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली उतरली. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, म्हणजे सुमारे २९ लाख ज्यूल. ताशी ७२ च्या वेगातून लागोपाठ पंधरा वेळा थांबण्याइतकी ही उष्णता आहे. ती सगळी एकट्या ब्रेकवर टाकली तर पॅड तापून त्यांची पकड कमी होते, ब्रेक ऑइल उकळते आणि पेडल खाली जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम शास्त्राला धरून आहे. काही उष्णता इंजिन सोसते.

ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात. म्हणून पुढचे पॅड लवकर झिजतात.

ब्रेक फेल म्हणजे काय?

'ब्रेक फेल झाला' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात सहज वाचतो. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या पळासनेर गावी मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. दहा जणांचा तरी जीव गेला. आपल्यापैकी अनेकांची गावे त्या भागात आहेत.

दुसरी घटना पुण्याची. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, ४८ वाहनांचे नुकसान झाले. आधी सगळे म्हणाले, ब्रेक फेल. तपासणीत ब्रेक निकामी झालेले आढळले नाहीत. उतारावर ट्रकचे इंजिन बंद केले होते, असे समोर आले. इंजिन बंद असले की त्याचा अटकाव राहत नाही आणि ब्रेकला इंजिनाच्या जोरावर मिळणारी मदतही संपत जाते. थोडे डिझेल वाचवण्याची किंमत किती पडली, ते पाहा. मोटारीलाही हे तसेच लागू आहे. उतारावर न्यूट्रल नको आणि इंजिन बंद तर मुळीच नको.

पॅड झिजल्याची लक्षणे

१. ब्रेक मारताना बारीक 'चीं' आवाज. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. मसाला कमी झाला की ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते.

२. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू खाली जाणे.

३. चाकाच्या जाळीतून पाहिल्यास पॅडचा मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी दिसणे. नव्या पॅडवर तो साधारण १० मिलिमीटर असतो.

४. 'खर्र' आवाज. हे लक्षण उशिराचे आहे. हा आवाज आल्यावर गाडी पुढे नेऊ नये.

पेडल स्पंजासारखे मऊ लागणे, गाडी एका बाजूला ओढणे, चाकाजवळ ओल दिसणे, यांपैकी काही असेल तर प्रश्न केवळ पॅडचा नाही. तिथे घरचा प्रयोग करू नये, कारागिराला दाखवावे.

साहित्य

जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, चाकाचा पाना, बोल्टच्या मापाचे पाने, टॉर्क पाना, पिस्टन मागे दाबायला सी-क्लँप, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, ब्रेकचे खास ग्रीस, मजबूत तार, हातमोजे, चष्मा, नाकावर मास्क. पॅड आपल्याच मॉडेलचे आणि वर्षाचे, खात्रीच्या दुकानातून पक्क्या बिलाने घ्यावेत. गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक जवळ ठेवावे. बोल्ट किती कसायचे, जॅक कुठे लावायचा, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते.

कृती

१. जागा. सपाट आणि कठीण जमीन हवी. अंगणातली माती किंवा उतार नको. गाडी थंड झालेली असावी. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चावी खिशात ठेवा.

२. नट आधी सैल करा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरू शकते.

३. उचला आणि घोडीवर टेकवा. जॅक ठरलेल्या जागीच लावा. गाडी उचलली की भार घोडीवर द्या. जॅक हा फक्त उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात, पाय, डोके काहीही घालू नका. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवा, तो आणखी एक आधार होतो.

४. एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू न उघडता ठेवली की काही विसरल्यास तिकडे पाहून लावता येते. पण बदलायचे मात्र दोन्ही बाजूंचे पॅड. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना ठेवला तर गाडी एका बाजूला ओढेल.

५. कॅलिपर उघडा. स्टिअरिंग फिरवून कॅलिपर बाहेरच्या बाजूला आणा. बहुतेक गाड्यांत मागच्या बाजूचा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर फिरतो. काही गाड्यांत दोन्ही बोल्ट काढावे लागतात. तसे असेल तर कॅलिपर तारेने वर बांधा. रबरी नळीवर तो कधीही लोंबकळू देऊ नका, नळी आतून फाटते आणि बाहेरून दिसत नाही. कॅलिपर उघडा असताना कुणीही ब्रेकचे पेडल दाबायचे नाही, पिस्टन बाहेर येईल. लहान मुलांना तेवढा वेळ गाडीत बसू देऊ नका.

६. जुने पॅड काढा, पाहा. आतला कोणता, बाहेरचा कोणता, जीभ कोणत्या टोकाला आहे, पत्रे आणि क्लिपा कशा बसल्या आहेत, याचा मोबाइलवर फोटो काढा. एक पॅड जास्त आणि दुसरा कमी झिजला असेल तर सरकत्या पिना अडकल्या आहेत, असे समजा.

७. डिस्क तपासा. तडा, खोल चऱ्या, कडेला मोठा उंचवटा असेल तर डिस्क कारागिराला दाखवा. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्यापेक्षा बारीक डिस्क वापरायची नाही.

८. धूळ फुंकू नका. ब्रेकची धूळ फुप्फुसाला वाईट. जुन्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असे. तोंडाने किंवा हवेच्या पंपाने धूळ उडवू नका. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

९. पिस्टन मागे दाबा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लँपने हळूहळू दाबा. आधी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडून पातळी पाहा, कारण पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढते. ते सांडले तर रंग खाते, लगेच पाण्याने धुवा. पिस्टनचे रबर फाटले असेल, ओल दिसत असेल किंवा पिस्टन हलतच नसेल, तर काम तिथेच थांबवा.

१०. नवे पॅड बसवा. पिना स्वच्छ करून ब्रेकचेच ग्रीस लावा, साधे ग्रीस रबर फुगवते. पॅडच्या मसाल्याला आणि डिस्कला ग्रीसचे बोटही लागता कामा नये. मसाल्याची बाजू डिस्ककडे. हे सांगायची गरज नाही असे वाटेल, पण घाईत उलटा बसवलेला पॅड मी पाहिला आहे. कॅलिपर खाली आणा, बोल्ट पुस्तकातल्या मापाने कसा.

११. चाक लावा. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने कसा. गाडी खाली घेतल्यावर टॉर्क पान्याने शेवटचे कसा.

१२. पेडल पंप करा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. दोन्ही बाजूंचे काम झाले की गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल पुन्हा पुन्हा दाबा, ते घट्ट लागेपर्यंत. कारण आपण पिस्टन मागे ढकलला आहे. पॅड आणि डिस्क यांत फट आहे. पहिले पेडल थेट तळाला जाते, ब्रेक लागतच नाही.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी सगळे काम नीट केले आणि ही एक पायरी विसरले. गाडी सुरू करून गिअर टाकला, पेडल दाबले तर खाली काहीच नाही. गाडी अंगणाच्या भिंतीला लागून थांबली. भिंतीशी त्यांच्या नातीची सायकल उभी होती, ती चेपली. नात पाच मिनिटांपूर्वीच पाणी प्यायला घरात गेली होती. त्या दिवसापासून ते काम संपल्यावर पाना ठेवण्याआधी पेडल पंप करतात. मीही करतो.

१३. शेवटची तपासणी. ब्रेक ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. इंजिन चालू करून पुन्हा पेडल पाहा. मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा थांबवून पाहा. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० पासून १५ पर्यंत, असे आठ-दहा वेळा हलक्या पायाने वेग कमी करा आणि मधे थोडे अंतर जाऊ द्या, म्हणजे ब्रेक थंड होतील. पहिले दोन-तीनशे किलोमीटर विनाकारण जोरात ब्रेक मारू नका. ५०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा कसून पाहा.

ब्रेक ऑइलबद्दल दोन शब्द

नाव ऑइल असले तरी नेहमीच्या गाड्यांतले हे तेल नसते. ते ग्लायकॉलचे द्रव असते आणि हवेतली वाफ शोषून घेते. 'डॉट ३' जातीचा कोरडा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. 'डॉट ४' चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आपल्या दक्षिण गुजरातच्या दमट हवेत याकडे विशेष लक्ष हवे. पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, ते बदलून घ्यावे. अर्धी राहिलेली जुनी बाटली वापरू नये.

पालकांना व विश्वस्तांना विनंती

हा लेख वाचून प्रत्येकाने पाना हातात घ्यावा, असे माझे म्हणणे नाही. ज्यांना हाताने काम करण्याची सवय आहे, त्यांनी पहिल्यांदा जाणकाराच्या शेजारी करावे. बाकीच्यांनी कारागिराकडेच जावे, पण जुने पॅड पाहायला मागावे. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांनी हे काम स्वतः करू नये. वडीलधाऱ्यांना पाने द्यावेत आणि प्रश्न विचारावेत.

एक प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवू इच्छितो. आपली निम्मी मुले व्हॅन आणि रिक्षांनी शाळेत येतात. त्या वाहनांच्या ब्रेकची तपासणी वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आणि दिवाळीच्या सुट्टीत, व्हावी आणि तिची नोंद एका वहीत शाळेत राहावी. तपासणीचा खर्च एकट्या चालकावर टाकू नये. ही माणसे थोड्या कमाईत घर चालवतात. खर्चाच्या भीतीने एखादा 'चीं' आवाज महिनाभर लांबणीवर पडू शकतो. मी तर पगारदार असून लांबवला होता. पुढच्या सभेत पालकांनी आपले मत अवश्य सांगावे.

स्वाध्याय

१. १२०० किलोची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा काढा. (उत्तर : १,३५,००० ज्यूल)

२. ब्रेक दाबायला चालकाला १ सेकंद लागतो. त्यानंतर गाडीचा वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो. ताशी ३६ आणि ताशी ७२ वेगाने गाडी एकूण किती अंतरात थांबेल? (उत्तर : सुमारे १७ मीटर व ४९ मीटर)

३. पेडल पंप केल्याशिवाय गाडी का हलवू नये? पास्कलच्या नियमाच्या आधारे पाच ओळी लिहा.

४. घरच्या किंवा शेजारच्या गाडीच्या चाकाच्या जाळीतून पॅड पाहा. मसाला किती उरला आहे, ते वहीत लिहा आणि त्यावर घरच्यांची सही आणा. पुढच्या सोमवारी वह्या मी स्वतः पाहणार आहे.

आपला,
मुख्याध्यापक